डोक्याला साबण लागला की

नवा इलेक्ट्रिक शॉवर बसवताना बायकोने नुसतं विचारलं होतं, "घरच्या वायरिंगला झेपेल का?" वायरमन नवरा पाहुण्यांसमोर खदाखदा हसला, "हिला बटणापलीकडे काय कळतंय!" तिने गपचूप डूख धरला. दुसऱ्या दिवसापासून त्याने डोक्याला साबण लावला की ती स्वयंपाकघरात इस्त्री लावायची. खट्! अख्ख्या घराची वीज गुल. तो चरफडत बाहेर यायचा, "घरातलं सगळं बंद कर" म्हणत तपासायचा, तेव्हा शॉवर मुकाट चालायचा. शेवटी ज्याला तो गावभर अडाणी म्हणायचा, त्याच दुसऱ्या वायरमनला बोलवावं लागलं. "करा अंघोळ, मी बघतो," तो म्हणाला. पुन्हा खट्! त्याने तापलेली इस्त्री बघितली, वहिनींकडे बघितलं आणि टॉवेल गुंडाळून आलेल्या फेसाळलेल्या नवऱ्यासमोर विचारलं, "वायरिंग कुणा अडाण्याने केलंय हो, वहिनी?" "मला काय कळतंय बटणापलीकडे?" ती म्हणाली, "यांनाच विचारा."