डावीकडे ओढणारी लाल गाडी

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बरण्या-चमच्यांमधून चिमुकल्या गाड्या पळवायचा एक जुना व्हिडिओ गेम आमच्या कंपनीने नव्याने बनवायला घेतला. अख्ख्या टीममध्ये तो लहानपणी खेळलेला मी एकटाच, त्यामुळे माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"लाल गाडी सरळ जात नाही, जराशी डावीकडे ओढते. खरी गंमत तीच आहे," मी पहिल्याच दिवशी बजावलं.

"सर, जुन्या कोडमध्ये तसं काहीच सापडत नाही," प्रोग्रामर म्हणाली.

"कोडमध्ये आत्मा सापडत नसतो!" हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवलं.

आठ महिने खपून तिने ती ओढ हुबेहूब बसवली. चाचणीला आलेली मुलं बरणीवर आपटून आपटून वैतागली, तेव्हा 'यांना सगळं आयतं हवं' म्हणून मी नाक मुरडलं.

काल गेम बाजारात आला. पहिला डाव ताईबरोबर, कारण लहानपणी ती मला रोज हरवायची. मोठ्या मनाने मी माझी लाल गाडी तिला दिली. ती तीनदा बरणीवर आदळली आणि ताई पोट धरून हसत सुटली.

 

"अरे वेड्या, तुझ्या जॉयस्टिकवर मी एकदा बसले होते, तेव्हापासून ती डावीकडे ओढायची. तू रडशील म्हणून बोलले नाही. आता तरी रडू नकोस."