शेगडीचा तिसरा पाय

तिसरा पाय पुन्हा निसटला आणि यशराजनं हातातली हातोडी अंगणात भिरकावली.

उन्हं उतरत होती. तासाभरात गाडा रंकाळ्यावर लागायला हवा होता, आणि ही तीन पायांची गोल बार्बेक्यू शेगडी दारू प्यायल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती. काल तर ती ऐन गिऱ्हाइकांत कलंडली. निखारे एका लहान पोरीच्या पायाशी सांडले. तिच्या आजीनं वेणीला धरून मागं ओढलं म्हणून पोर वाचली. जागेच्या मालकानं तिथल्या तिथं सुनावलं, "पुन्यांदा असं झालं तर गाडा उचलायचा."

गाडा उचलला की संपलंच सगळं. पुण्याची नोकरी सोडून तो या शेगडीच्या जिवावर फुलेवाडीला घरी आला होता. वडील हंबीरराव तेव्हा एवढंच म्हणाले होते, "शिकून सवरून शेगडीच फुंकायची व्हय?" त्यानंतर बोलणं बंद. आई गेल्या साली वारली. आता घरात दोन पुरुष आणि टीव्ही.

त्यानं सगळे उपाय करून बघितले. पाय ठोकून बसवले, चिंध्या गुंडाळल्या, तारेनं आवळले. रात्री घट्ट असलेले पाय सकाळी ढिले. पौषात पावसाचा थेंब नाही, तरी खोबणींना गंज चढलेला. रात्री झाकण लावून विझवलेला कोळसा वाचायला हवा, तर सकाळी आत नुसती राख. उशिरा उठून न्हाणीघरात भरून ठेवलेलं गच्चीवरच्या सोलरचं कढत पाणी अंगावर घेतलं की जरा जिवात जीव यायचा, आणि अंगणात आलं की पुन्हा तेच.

अंगणात तिसरं माणूस येत नव्हतं. हंबीरराव सोप्यात पाठ करून तंबाखू मळत बसले होते. यशराजचं डोकं फिरलं.

"आबा, खरं सांगा. मी झोपल्यावर हिला हात लावताय का न्हाई?"

"लावतोय की."

परक्यानं केलं असतं तर यशराजनं गचांडी धरली असती. जन्मदात्याचं काय करायचं? त्याला रडू आवरेना.

"जिंकलासा तुम्ही. इकून टाकतो ही. उद्या पुण्याला जातो."

हंबीरराव उठले. न्हाणीघरात गेले आणि दोन्ही हातांनी पेलत एक भलंमोठं पातेलं घेऊन आले. बूड काजळीनं काळंकुट्ट झालेलं. त्यांनी ते शेगडीच्या जाळीवर ठेवलं. जाळीवरच्या काळ्या गोल डागावर ते बरोबर बसलं. शेगडी लगेच एका अंगाला कलली, तशी त्यांनी ती हातानं सावरली.

"भरलं पातेलं हिला पेलत न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई," ते म्हणाले. "गॅसवर अंघोळीचं पाणी तापवलेलं तुझ्या आईला कधी चाललं न्हाई, आणि चूल तर आपण मोडली."

"पण आबा, वर सोलर हाय की."

"सोलर दिवाळीपासनं बंद हाय. तू रोज कढत पाण्यानं अंघोळ करतुयास. कोण तापवतंय, कधी इचारलंस?"