एका सीटची गाडी

बोथच्या भूषणनं शेडमध्ये रेसची गाडी स्वतः बांधली. चालवायला घेतलं नागेशला, कारण बोथ-आदिलाबाद रस्त्यावर त्याच्या शेअर ऑटोच्या पुढं कोणी जात नसे.

"सीट एकच काऊन?" नागेशनं विचारलं.

"वजन कमी, तं गाडी समोर," भूषण म्हणाला. ही हरली तर शेड विकेन, असा शब्द त्यानं बायकोला, प्रियदर्शनीला दिला होता.

जिल्ह्यातली पहिलीच रेस. शेवटच्या वळणावर नागेश सगळ्यांच्या पुढं होता. प्रियदर्शनीला राहवलं नाही. कठड्यापाशी धावत येऊन तिनं आनंदानं हात वर केला.

गाडी करकचून तिच्यासमोर थांबली.




त्या एका सीटवर अर्धा सरकून नागेश म्हणाला, "बसा वहिनी, जागा हाय."