महिपतच्या नावाचा करा

"त्या कऱ्याला हात लावलात तर बघा, भावजी!"

चंद्रभागा अंगणात आडवी उभी राहिली. तिचा थोरला दीर कोंडाजी हातात पाण्याचा तांब्या घेऊन तसाच ओणवा राहिला. जमलेल्या भावकीनं माना वळवल्या. पोरांचं तेवढं फणसाचे गरे चोखणं चालू होतं.

आखितीचा, अक्षय्य तृतीयेचा सण होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्या वाडीत आखितीला घरोघर एकच रीत. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावानं मातीचा करा मांडायचा, तो पाण्यानं भरायचा, वर आंबा ठेवायचा आणि मग जित्यांनी जेवायला बसायचं. तोवर नवा आंबा कुणी तोंडाला लावायचा नाही. त्या आंब्यासाठी तर मुंबईची मंडळी दासगावच्या बंदरात आगबोटीतून उतरून, बैलगाड्या जुंपून आली होती. एरवी या घराकडे कावळा फिरकत नसे. आता आढीतल्या आंब्यांचा वास सुटला आणि चुलते, पुतणे, त्यांच्या बायका, सगळ्यांना घराची माया फुटली. पुरण वाटायचं कुणी? चंद्रभागेनं. विहिरीचं पाणी आणायचं कुणी? चंद्रभागेनं. पाटावर मात्र आधी हे बसणार. आयतोबा मेले!

आणि आज कोंडाजीनं ओळीच्या शेवटी एक जास्तीचा करा मांडला होता. महिपतच्या नावाचा.

महिपत म्हणजे कोंडाजीचा धाकटा भाऊ, चंद्रभागेचा नवरा. मानमोडीच्या तापाची साथ ओसरली आणि तो कराचीच्या बंदरात कामाला म्हणून गेला. पुढं ना चिठी, ना निरोप. औंदा बैल मेला, विहिरीनं तळ गाठला, तेव्हा भगतानं सांगितलं की तुमच्या घरातला एक जीव तहानलेला फिरतोय. कोंडाजीला तेवढंच पाहिजे होतं.

"बारा वर्सं झाली गो," तो म्हणाला. "किती वाट बघायची? बिचारा पान्यावाचून तळमळतोय."

"मेलेल्याची तहान तुमाला बरी दिसते! जित्या माणसाची भूक कधी दिसली नाय."

ठकूबाई, थोरली जाऊ, पदर सावरत पुढं झाली. "आगो, हट्ट नको करूस. हातातल्या बांगड्या काय सोन्याच्या हायत?"

सोन्याच्या नव्हत्याच. काचेच्या होत्या. पण त्या होत्या म्हणून तिला पंगतीत मान होता, माहेरी आलेल्या लेकींच्या ओट्या भरता येत होत्या, देवीची पालखी दारात आली की आरती घेऊन पुढं होता येत होतं. एकदा करा भरला की ती रांडाव, मग मागच्या पडवीतली चूल आणि उरलंसुरलं अन्न. सणासुदीला तोंडसुद्धा दाखवायचं नाही. तरी तिचा जीव काही बांगड्यांत अडकला नव्हता. तो महिपतमध्ये अडकला होता. माहेरच्यांनी दुसऱ्याशी पाट लावून देतो म्हटलं, तर त्यांनाही तिनं उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं.

"माझा माणूस जिता हाय," ती म्हणाली. "आज नाय तर उद्या येल."

आणि काय सांगावं! ती माणसं आंब्याकडे आशेनं बघत असतानाच बांधावरून हाक आली, "कोन हाय का रं घरात?"

महिपत! सणाची आगबोट धरून तो आला होता. पोट सुटलेलं, डोक्याला काळी टोपी, आणि भर वैशाखात अंगात कोट. मागोमाग एक बाई आली. ती कुणी बस म्हणायच्या आधीच ओट्यावर टेकली आणि पदरानं वारा घेऊ लागली.

घरात एकच कल्ला झाला. ज्या तोंडांनी आत्ता महिपतला मारला होता, तीच तोंडं त्याच्या गळ्यात पडून रडू लागली. कोंडाजीनं तांब्या भिरकावला. ठकूबाईनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. लाज म्हणून काही चीज असते, ती या घराला माहीतच नव्हती. चंद्रभागा मात्र जागची हलली नाही. आला. खरंच आला.

"तिकडं काम बंद पडलं," महिपत ऐटीत सांगत होता. "म्हटलं, चलो, आंब्याचं दिवस हायत, मान्सं जमली असतील, सण करून येऊ. चिठी तर दरसाल लिवनार व्हतो. टाइमच नाय गावला. आनि ही आमची घरवाली. कराचीला उतरलो त्याच साली लगीन केलं."

"लबाड हायस रं!" कोंडाजी म्हणाला आणि सगळी खो खो हसली.

हसता हसता महिपतची नजर चंद्रभागेकडे गेली. "काय गो, हायस अजून? बघत काय उभी? पानी दे आधी. घसा सुकलाय."

चंद्रभागा आत गेली. हंड्यातून तांब्या भरून आली. महिपतनं हात पुढं केला. ती त्याच्या हातावरून पुढं गेली, ओळीशी बसली आणि शेवटचा करा काठोकाठ भरला. आढीतला आंबा उचलून त्यावर ठेवला. मग पदरानं कपाळाचं कुंकू पुसलं.

"आगो, खूळ लागलं काय?" कोंडाजी ओरडला. "माणूस पुढ्यात उभा हाय!"

चंद्रभागा उठली. रिकामा तांब्या तिनं दिराच्या हातात दिला.

"पाव्हन्यास्नी पानी तुमी द्या, भावजी. माझ्या माणसाचं मी भरलं."