तीन कुलपं
"बघा, तिन्ही कुलपं शाबूत आहेत!" खुराड्यापाशी उभे राहून आमचे हे शेजाऱ्यांना चाव्या दाखवत होते. मुंगूस मात्र जाळीखालची माती उकरून आत शिरलं होतं. चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. पाचवी माझ्या मांडीवर धापा टाकत होती आणि मी तिच्या पाठीवरची जखम कोमट पाण्याने पुसत होते. जाळी हातभर जमिनीत पुरा, असं मी महिनाभर सांगत होते. "मुंगूस काय भुयार खणणार आहे?" म्हणत ह्यांनी सासूबाईंना हसवलं होतं. आवाज न चढवण्याचा माझा रोजचा नेम आहे, तो आजही पाळला. "अहो, मेलेल्यांसाठी खड्डा तुम्हीच खणा. तो झाला की थांबू नका, जाळीच्या कडेकडेने खणत राहा." चाव्या खिशात टाकत ह्यांनी विचारलं, "किती खोल?" पट्टी बांधत मी म्हणाले, "मुंगसाला विचारा."