मोहोराचा देठ

"रोग निघाला, तर झाड मुळासकट काढायचं. मग ते कुणाचं का लाडकं असेना!" सादिकने अंगणात सगळ्यांदेखत जाहीर केलं.

सगळे म्हणजे त्याची आई जुबैदा, शेतकी कॉलेजात शिकणारी मुलगी अदीबा आणि कुऱ्हाड शेजारी ठेवून दोन चहा रिचवलेला जीवन. कामतघरच्या त्या घरामागे कापडाचे लूम खडखडत होते, म्हणून सादिकला ओरडून बोलावं लागत होतं. तसा तो लूम बंद असतानाही ओरडूनच बोलायचा.

भांडण विहिरीजवळच्या जुन्या आंब्यावरून होतं. यंदा त्याचा मोहोर काळा पडला होता. सादिकला त्या म्हाताऱ्या झाडाचं काही पडलं नव्हतं. त्याचा जीव होता गेटजवळच्या हापूसच्या कलमात. तीन वर्षं त्याने ते पोरासारखं जपलं होतं आणि यंदा पहिल्यांदाच ते मोहोरलं होतं. जुन्याचा रोग त्याला लागला तर? इकडे जुबैदाला मात्र जुना आंबा तोडायचा म्हणजे घरातलं माणूस घालवायचं, असं वाटत होतं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं. तरी अदीबाच्या तपासणीत निघेल ते मान्य, असा शब्द तिने दिला होता.

"दादी, देठ आणलास?" अदीबाने विचारलं.

माझ्या झाडाला दुसऱ्याचा हात नको, असं बजावून जुबैदा स्वतःच चाकू घेऊन गेली होती. तिने ओढणीआडून मोहोराचा देठ काढला. फुलं आधीच खुडून टाकलेली.

अदीबाने तो तिरपा कापला आणि ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरलं. "कापातून दुधासारखी रेघ उतरली, तर आत जिवाणू आहेत. पाणी नितळ राहिलं, तर हा रोग नाही."

मिनिटभर काहीच झालं नाही. जुबैदा गालात हसू लागली. तेवढ्यात देठातून एक बारीक पांढरी रेघ निघाली आणि तळाकडे गेली.

"बघितलंस!" सादिकने मांडीवर थाप मारली. मग आईचा उतरलेला चेहरा पाहून त्याला जरा वाईटही वाटलं. "अम्मी, आता शब्द फिरवायचा न्हाय हा. जीवन, ऊठ."

जुबैदाने ग्लास सादिकपुढे सरकवला.

"न्हाय फिरवत," ती म्हणाली. "जीवन, कुऱ्हाड गेटकडे घे. माझ्या झाडाचा भरवसा नव्हता, म्हणून मी देठ सादिकच्या कलमाचा आणला."