शेवटच्या रांगेतला चेहरा

“रड आता!” पडद्याआडून बाईंनी खुणेनं सांगितलं. माइकसमोर उभ्या असलेल्या धाकटीच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ‘घरात मार खाणारी स्त्री’. आधीच्या स्पर्धकांनी तो चांगलाच गाजवला होता. एकानं आकडेवारीचा मारा केला. एकीनं आवाज असा काही कापरा केला, की परीक्षकांनी चष्मे पुसले आणि मग सावकाश बिस्किटांची बशी पुढे ओढली. अध्यक्षांच्या खुर्चीत धाकटीचे भावोजी होते. चषक त्यांनीच दिले होते. विषयही त्यांनीच सुचवला होता. सामाजिक जाणीव म्हणजे किती असावी माणसाला!

शेवटच्या रांगेत आई आणि ताई बसल्या होत्या. एवढ्या उकाड्यातही ताईच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मागच्या आठवड्यात ती माहेरी आली होती. कार्यक्रम संपला, की इथूनच भावोजींच्या गाडीत बसून परत जायची होती. खुर्चीखालची तिची बॅग आईनंच भरली होती. भरताना म्हणाली होती, “थोडं सोसावं लागतं, बाळा. एवढा नावाजलेला माणूस, त्याची चारचौघांत शोभा करायची का?”

बाईंची शिकवण साधी होती. आधी आकडे, मग अश्रू, शेवटी कविता. आणि सभागृह बघून भीती वाटली, तर शेवटच्या रांगेतला एक चेहरा निवडायचा आणि त्याच्याशीच बोलायचं. धाकटीनं त्यातलं शेवटचं तेवढं घेतलं.

“ती येते,” धाकटी बोलू लागली. “दार वाजवते. आपण दार उघडतो. तिला पाणी देतो, जेवायला वाढतो, पाठीला मलम लावतो. मलम लावताना आपणही रडतो. आणि मग तिची बॅग भरतो. मारणारा एकटा असतो. त्याच्याकडे परत पाठवणारे आपण असतो.”

झालं. ना आकडा, ना कविता.

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या भावोजींनी. मोठ्या मनाचा माणूस.

परीक्षक निकाल सांगायला उठले. “शेवटच्या मुलीनं अत्याचारी पतीला सोडून भलत्यांनाच दोष दिला. भावना नाही, हावभाव नाहीत. असं आवाहन कुणाच्याही काळजाला भिडणार नाही.” चषक कापऱ्या आवाजाला गेला. धाकटीला उत्तेजनार्थही नाही.

“एक थेंब काढला असतास तर काय बिघडलं असतं गं?” बाई कळवळल्या. “आणि सगळा वेळ त्या ताईकडे काय बघत होतीस?”

“ताईकडे नव्हते बघत, बाई.”

तेवढ्यात भावोजींनी माइक हातात घेतला. “आता आमच्या सौभाग्यवतींना विनंती, त्यांनी फोटोसाठी व्यासपीठावर यावं!”

सगळ्या माना मागे वळल्या. ताई सवयीनं उठू लागली. आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. खुर्चीखालची बॅग ओढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि उभी राहिली. आईचा आवाज माइकशिवाय एवढा लांब जातो, हे घरातही कुणाला माहीत नव्हतं.

“फोटो तुमचा तुम्ही काढा, जावईबापू. पोरीला मी घरी नेतेय.”